पाचशे जण आणि एक शनिवार

10 मार्च 2018 या शनिवारी जगभरात तीसहून अधिक ठिकाणी मिळून सुमारे पाचशे माणसं लॅपटॉप उघडून बसली आणि पांडाज या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन सुधारू लागली. पायथॉनमध्ये आकडेवारीचं काम करणाऱ्याला पांडाजची ओळख करून द्यावी लागत नाही. वेस मॅकिनी यांनी 2008 मध्ये ते लिहायला घेतलं, आणि आज बँकेतल्या विश्लेषकापासून हवामानाच्या अभ्यासकापर्यंत कितीतरी जणांचं काम त्यावर चालतं. त्या शनिवारी जमलेले स्वयंसेवक होते. मे महिन्यात पांडाजची 0.23 ही आवृत्ती आली तेव्हा तिच्या सोबतच्या टिपणात लिहावं लागलं, की एकाच वेळी इतक्या सुधारणा आल्या की प्रत्येकीची वेगळी नोंद देणं शक्य नाही.

ही हकिकत सांगितली की ऐकणारा लगेच म्हणतो, आपणही असं काहीतरी करू या. हॉल घेऊ, पोस्टर लावू, मुलं जमवू. त्या उत्साहाला थोडा लगाम घालावा म्हणून ही पुस्तिका लिहिली आहे. हॉल मिळतो, मुलंही जमतात. पण त्या शनिवारच्या आधी काय झालं होतं आणि नंतर काय करावं लागलं, हे विचारायचं राहून जातं.

आधी झालेलं काम असं. मोहीम आखणारे मार्क गार्सिया आणि लंडनमधला त्यांचा पायथॉन गट यांनी कामाचा सगळ्यात लहान तुकडा कोणता, हे प्रथम ठरवलं. पायथॉनमध्ये प्रत्येक फंक्शनच्या कोडमध्येच, त्याच्या नावाखाली, एक मजकूर लिहितात. हे फंक्शन काय करतं, त्याला काय द्यायचं, ते काय परत देतं आणि वापरायचं कसं, एवढं त्यात असतं. त्याला डॉकस्ट्रिंग म्हणतात, आणि वेबसाइटवरची संदर्भाची पानं त्यातूनच आपोआप तयार होतात. म्हणजे एक माणूस, एक फंक्शन, एक पान. दिवसभरात संपेल एवढं काम, आणि शेजाऱ्याच्या कामात पाय अडकणार नाही असं. कुठल्या शहराने कुठली फंक्शनं घ्यायची याची वाटणीही आधीच झाली होती, नाहीतर सगळ्यांनी मिळून तीच ती ओळखीची दहा फंक्शनं सुधारली असती.

दुसरी तयारी म्हणजे मार्गदर्शिका. डॉकस्ट्रिंगचं पहिलं वाक्य एकाच ओळीत मावलं पाहिजे, क्रियापदाने सुरू झालं पाहिजे, शेवटी पूर्णविराम हवा. इतक्या बारकाईने ती लिहिलेली होती. वाचताना हे कुणाला शाळेतल्या शुद्धलेखनासारखं वाटेल. पण पाचशे जणांनी पाचशे तऱ्हांनी लिहिलं तर तपासणाऱ्याची निम्मी शक्ती शैलीवरच्या वादात जाते, आणि मजकूर खरा आहे की नाही हे बघायचं राहूनच जातं.

तिसरी तयारी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. लिहिणाऱ्याने आपली डॉकस्ट्रिंग त्यातून घालायची. फंक्शनला जेवढे पॅरामीटर आहेत तेवढ्यांचं वर्णन आलं आहे का, त्यांची नावं जुळतात का, उदाहरण म्हणून दिलेला कोड खरोखर चालतो का आणि सांगितलेलंच उत्तर देतो का, हे तो प्रोग्रॅम तपासायचा आणि चुकांची यादी समोर ठेवायचा. पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल स्वीकारावा अशी विनंती, पाठवण्याआधीच नवखा माणूस आपल्या बऱ्याचशा चुका स्वतः, कुणासमोर ओशाळं न होता, दुरुस्त करू शकत होता. मेंटेनरच्या, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या, टेबलावर येणारं काम त्यामुळे चाळून आलं. हीच तपासणी पुढे नमपायडॉक या साधनाचा भाग झाली, आणि आज दुसरे प्रकल्पही ती वापरतात.

आणि नंतरचं काम? पुल रिक्वेस्ट तपासणं, शंका विचारणं, बदल सुचवणं, पुन्हा तपासणं, मर्ज करणं. पांडाजचे मुख्य मेंटेनर तेव्हा मोजकेच होते. पाचशे जणांनी एका दिवसात जे लिहिलं ते त्या मोजक्या माणसांना डोळ्यांखालून घालायचं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढच्या सगळ्या प्रकरणांत तेच वेगवेगळ्या बाजूंनी येईल. ओपन सोर्समध्ये स्वयंसेवकांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो काम नेमकं कापून देणाऱ्यांचा आणि आलेलं काम वेळेवर तपासणाऱ्यांचा. गावजेवणात वाढपी हवे तेवढे मिळतात, आचारी मात्र एकदोनच असतात. पंगत किती मोठी बसवायची हे वाढपी मोजून ठरवलं तर काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून स्वयंसेवक किती येतील हा प्रश्न दुसरा. तपासणारे किती आहेत आणि त्यांच्याकडे आठवड्याला किती तास आहेत, हा पहिला.

पांडाजच्या या मोहिमेला दहा वर्षं आधीची एक पूर्वज आहे, आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मराठीत तिची हकिकत कुठे वाचायला मिळत नाही. पांडाज ज्या पायावर उभं आहे त्या नमपायची ही गोष्ट. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी दोन जुनी, एकमेकांशी न पटणारी सॉफ्टवेअरं एकत्र आणून नमपाय घडवलं. त्याची सविस्तर माहिती देणारं पुस्तकही त्यांनीच लिहिलं, आणि ते विकत मिळायचं. सॉफ्टवेअर फुकट आणि माहिती विकत, यावर तेव्हा बरीच कुरबुर झाली. मला ती पूर्ण न्याय्य वाटत नाही. ज्याने आपल्या संशोधनाचा वेळ मोडून एवढं मोठं काम केलं, त्याने पुस्तकाचे पैसे मागितले तर बिघडलं काय? ऑगस्ट 2008 मध्ये ते पुस्तक त्यांनी सार्वजनिक मालकीत देऊन टाकलं, आणि नमपायच्या आजच्या माहितीपुस्तकात त्यातला मोठा भाग आहे.

पण पुस्तक असलं तरी प्रत्यक्ष कोडमधल्या डॉकस्ट्रिंग तुटपुंज्या होत्या. कित्येक ठिकाणी एखादी ओळ, कुठे तीही नाही. जोसेफ हॅरिंग्टन हे सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात ग्रहविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. 2007 मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना आकडेवारीचं विश्लेषण नमपायवर शिकवायचं ठरवलं. त्याआधी वापरात असलेल्या विकतच्या आयडीएल या सॉफ्टवेअरला भरपूर माहितीपुस्तकं होती. इथे विद्यार्थी साध्या साध्या फंक्शनपाशी अडू लागले. हॅरिंग्टन यांनी मग तक्रारी लिहीत बसण्याऐवजी 2008 च्या उन्हाळ्यासाठी स्टेफान व्हान डर वॉल्ट यांना चक्क पगारी समन्वयक म्हणून नेमलं.

हे वाक्य घाईत वाचून पुढे जाऊ नका. मोहीम स्वयंसेवकांची होती, पण समन्वयक पगारी होता. स्वयंसेवकांच्या कामात पैसा आणला की ते बिघडतं, असं आपल्याकडे मानलं जातं. माझं मत उलट आहे. लिहिणं हौसेने होतं. पण कुणाचं काम कुठे अडलं आहे, कुणाला उत्तर मिळालेलं नाही, कुणी अर्धं टाकून गेलं आहे, हे रोज सकाळी बघण्याचं काम हौसेने फार काळ होत नाही. कुठल्याही प्रकल्पाकडे थोडेसेच पैसे असतील तर ते टी-शर्टवर न घालवता या एका माणसावर घालावेत.

त्या उन्हाळ्यात त्यांनी बांधलेली यंत्रणाही बघण्यासारखी आहे. कोडमध्ये बदल करायचा तर त्या काळी व्हर्जन कंट्रोल शिकावं लागे, पॅच तयार करावा लागे, तो कुणाला तरी पाठवून वाट बघावी लागे. एखाद्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकेला फूरिए रूपांतराच्या फंक्शनवर चार चांगल्या ओळी लिहायच्या आहेत, तर तिने एवढा खटाटोप का करावा? म्हणून पाउली विर्तानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विकी तयार केली. तिच्यात प्रत्येक फंक्शनची डॉकस्ट्रिंग एका पानावर दिसायची, नाव नोंदवलेला कुणीही ती तिथेच सुधारू शकायचा, आणि मागच्या बाजूला त्या सुधारणांचा पॅच आपोआप तयार व्हायचा. प्रत्येक पानाची अवस्था दिसायची: लिहायचं बाकी आहे, लिहिणं चालू आहे, तपासायला तयार आहे, तपासून झालं, मुद्रितशोधन झालं. पुस्तकाच्या कारखान्यात काम केलेल्या कुणालाही या पायऱ्या ओळखीच्या वाटतील. नवीन काही नव्हतं त्यात. फक्त कुठलं पान कुठल्या पायरीवर आहे हे सगळ्यांना एकाच वेळी दिसत होतं. सध्याच्या प्रकल्पांत हे काम इश्यू आणि लेबलं करतात, आणि माझ्या मते त्या विकीइतकं स्वच्छ करत नाहीत.

टी-शर्ट तिथेही होते. भरीव लिखाण करणाऱ्याला एक मिळायचा. म्हणजे टी-शर्ट हे काही पाप नाही. पण 2020 च्या ऑक्टोबरात याच वस्तूने काय घडवलं ते बघा.

डिजिटलओशन ही कंपनी 2014 पासून दर ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट भरवते. त्या वर्षीचा नियम होता, चार पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा. एका व्हिडिओत दाखवलं गेलं की कुठल्याही प्रकल्पाच्या रीडमी फाइलमध्ये एखादा शब्द घुसडला तरी पुल रिक्वेस्ट होते. मग पहिल्याच दिवसांत जगभरच्या मेंटेनरांकडे रीडमीत 'अमेझिंग प्रोजेक्ट' अशी भर घालणाऱ्या पुल रिक्वेस्टचा लोंढा आला, शीर्षक बहुधा 'इम्प्रूव्ह डॉक्स'. 3 ऑक्टोबरला आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांना भाग घ्यायचा आहे त्यांनी आधी तसं कळवायचं, आणि मेंटेनरने स्वीकारलेलंच काम मोजलं जाईल. पुढे 2024 च्या सुरुवातीला एक्सप्रेस या प्रसिद्ध प्रकल्पाच्या रीडमीत आपापलं नाव लिहिणाऱ्या पुल रिक्वेस्टची रीघ लागली. कारण पुन्हा एक शिकवणीचा व्हिडिओ, ज्यात सरावाचं उदाहरण म्हणून तोच खरा प्रकल्प घेतला होता.

या दोन्ही वेळी भारतातले विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, आणि पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत फिरणाऱ्या कुणालाही त्याचं नवल वाटणार नाही. रेझ्युमेवर 'ओपन सोर्स काँट्रिब्युशन' लिहिता यावं ही घाई दुसऱ्या वर्षापासूनच सुरू होते. परदेशी मेंटेनर त्यावर चिडले, काहींची भाषा सुटली. मी या मुलांना झोडपणार नाही. जे मोजलं जात होतं ते त्यांनी दिलं. टायपो दुरुस्त करा, रीडमीपासून सुरुवात करा, डॉक्युमेंटेशन सोपं असतं, हे त्यांना मोठ्यांनीच सांगितलेलं होतं.

डॉक्युमेंटेशन सोपं असतं, हे या विषयातलं सगळ्यात महागात पडणारं खोटं आहे. चांगलं डॉक्युमेंटेशन लिहिणं कोड लिहिण्याइतकंच कठीण आहे, कधी जास्त. त्याची गरज किती आहे हे गिटहबच्या 2017 च्या सर्वेक्षणात दिसलं: अपुरं किंवा शिळं डॉक्युमेंटेशन ही अडचण 93 टक्के उत्तरदात्यांनी अनुभवली होती, आणि योगदान देणाऱ्यांपैकी 60 टक्के जण डॉक्युमेंटेशनमध्ये क्वचितच हात घालतात किंवा कधीच घालत नाहीत, असं सांगत होते. सोपं काम असतं तर हे आकडे असे निघाले नसते.

अवघड का, तर ज्याला उत्तर माहीत आहे त्याला प्रश्न दिसत नाही. दहा वर्षं एखाद्या कोडमध्ये वावरलेल्या मेंटेनरला इन्स्टॉल करतानाची तिसरी पायरी कुणाला अडेल हे सुचतच नाही. ज्याला ती अडते त्याला ती का अडली हे कळत नाही, आणि कळेपर्यंत तोही जाणकारांत जमा झालेला असतो. नवखेपण ही फार थोडे दिवस टिकणारी चीज आहे, आणि मोहीम आखणाऱ्याने ती वाया घालवू नये. म्हणून मी नव्या स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी लिहायला सांगू नये अशा मताचा आहे. त्याने वेबसाइटवरच्या सूचना वाचून, कुणालाही न विचारता, सॉफ्टवेअर बसवायचा प्रयत्न करावा आणि जिथे थांबावं लागलं ते टिपून ठेवावं. ते टिपण हेच त्याचं पहिलं योगदान, आणि ते त्याच्या नावावर नोंदवलं जावं.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने ही गोष्ट पद्धतीतच बसवली आहे. तिथे ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे व्हिडिओ तयार होतात आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचं ध्वनिमुद्रण होतं. व्हिडिओआधी त्याची संहिता लिहितात, आणि ती विषयतज्ज्ञ तर तपासतातच, पण नवख्या माणसाकडूनही तपासून घेतात. तज्ज्ञ चूक पकडतो, नवखा राहून गेलेली पायरी पकडतो. मुंबईतच हे चालत असताना आपल्याकडची मंडळी मोहीम कशी आखायची याची उदाहरणं अमेरिकेतून शोधून आणतात, याची मला गंमत वाटते. (मीही वर तेच केलं आहे, हे कबूल.)

डॉक्युमेंटेशनचे प्रकार कोणते, शिकवणी आणि संदर्भ एकाच पानावर का कोंबू नयेत, याची चर्चा पुढे स्वतंत्रपणे केली आहे. डॅनिएले प्रोचिदा यांची चार भागांची मांडणी आता सर्वमान्य झाल्यासारखी आहे. नमपायनेही 2020 मध्ये आपल्या डॉक्युमेंटेशनची फेररचना तिच्या आधारे आखली. इथे त्यात जात नाही.

वेबसाइटची गोष्ट मात्र वेगळी. डॉकस्ट्रिंगवर मत द्यायला फंक्शन समजावं लागतं; मुखपृष्ठाच्या रंगावर मत द्यायला काहीच लागत नाही. पार्किन्सन यांनी 1957 मध्ये लिहिलेलं अणुभट्टी आणि सायकलींच्या शेडचं उदाहरण सॉफ्टवेअरच्या जगात अजून रोज खरं ठरतं: भट्टी मिनिटांत मंजूर होते, शेडवर सभा रंगते. स्वयंसेवकांना वेबसाइटच्या नव्या रूपावर मोकळी चर्चा करायला बसवलं तर दोन महिने आनंदात जातील आणि एकही पान बदलणार नाही. त्यापेक्षा आधी नीरस प्रश्न विचारावेत. डोमेनचं नाव कुणाच्या नावावर आहे? त्याचं शुल्क कोण भरतं? सर्व्हरच्या किल्ल्या ज्याच्याकडे आहेत तो माणूस अजून प्रकल्पात आहे का? उद्या वेबसाइट बंद पडली तर कुणाला फोन करायचा? नवं रूप याची उत्तरं मिळाल्यावर.

वेबसाइटवरचं आणखी एक काम कुणालाच करायला आवडत नाही, ते म्हणजे काढून टाकणं. 1990 च्या दशकात जे लिनक्स शिकले त्यांना लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टचे 'हाऊ-टू' आठवत असतील. स्वयंसेवकांनी लिहिलेल्या त्या पानांनी एका पिढीला मोडेमपासून प्रिंटरपर्यंत सगळं जोडायला शिकवलं. त्यातली कित्येक पानं आजही जशीच्या तशी आहेत आणि शोधणाऱ्याला सापडतात. त्यात सांगितलेली यंत्रं आणि आज्ञा मात्र गेल्या. चुकीचं पान हे नसलेल्या पानापेक्षा वाईट, कारण वाचणारा आधी त्याच्यावर विश्वास ठेवतो. म्हणून मोहिमेच्या पहिल्या आठवड्यात नवी पानं लिहू नयेत, जुन्यांची यादी करावी: हे ठेवायचं, हे सुधारायचं, हे काढायचं, आणि काढलेल्याच्या जागी वाचकाला कुठे पाठवायचं. हे काम नवखा स्वयंसेवकही उत्तम करतो, फक्त काढण्याचा निर्णय मेंटेनरचा हवा.

श्रेयाबद्दल थोडंच लिहिलं आहे, कारण मला सांगायचं थोडंच आहे: कोड लिहिणाऱ्याला जे मिळतं तेच मिळायला हवं. डेबियन या ओपन सोर्स प्रकल्पात 2010 मध्ये यावर रीतसर मतदान झालं आणि सॉफ्टवेअरची पॅकेजं न बांधणाऱ्या, म्हणजे लेखन, भाषांतर, चित्रं असं काम करणाऱ्या लोकांनाही प्रकल्पाचे पूर्ण सदस्य होता येईल असं ठरलं. सदस्य म्हणजे मताचा अधिकार असलेले सदस्य. आभाराच्या यादीत नाव आणि निवडणुकीत मत, यांत अंतर आहे.

शेवटचं प्रकरण मराठी भाषांतरावर आहे आणि ते मुद्दाम छोटं ठेवलं आहे. मराठीत डॉक्युमेंटेशन हवं, यावर सभेत कुणाचंच दुमत नसतं, आणि नेमकी तिथेच मोहीम फसते. पायथॉनने 2017 मध्ये आपल्या डॉक्युमेंटेशनच्या भाषांतरांसाठी नियम ठरवले. फ्रेंच, जपानी, कोरियन या भाषा त्या वाटेने अधिकृत वेबसाइटवर आल्या. नियम असा, की भाषेला एक समन्वयक हवा, आणि वाचकाला भाषा निवडायच्या यादीत ती दिसायची असेल तर तीन गोष्टी संपूर्ण भाषांतरित झालेल्या हव्यात: शिकवणी, अंगभूत फंक्शनांचं पान, आणि चूक आढळली तर कळवायची कशी हे सांगणारं पान. यातली तिसरी अट ज्याने घातली त्याला स्वयंसेवक कळले होते. भाषांतर वाचणाऱ्याला चूक दिसणारच, आणि ती कुठे सांगायची हे त्याच्याच भाषेत लिहिलेलं असलं की वाचणाऱ्यातूनच पुढचा भाषांतरकार मिळतो. त्या प्रकरणात या तीन गोष्टींचं काम किती जणांत, कसं वाटायचं आणि प्रत्येक पान दुसऱ्या कुणी तपासायचं, याचा एक आराखडा दिला आहे. समन्वयकाची जागा त्यात रिकामी सोडली आहे. ती भरल्याशिवाय हॉल घेऊ नये.